प्लॅटिपसचे भाऊबंद आणि आपला काळा पाषाण

पनवेल म्हटले की कुणाला कर्नाळ्याचे पक्षी आठवतात, कुणाला पुण्याच्या वाटेवरचा जुना थांबा, आणि अलीकडे विमानतळ. भूविज्ञानाच्या पुस्तकांत मात्र या गावाचे नाव वेगळ्याच कारणाने येते. १९४९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडेन यांनी पश्चिम भारतातल्या पाषाणभित्तींवर एक निबंध लिहिला. हे ऑडेन म्हणजे इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे थोरले बंधू. माथेरानच्या कड्यावर लाव्हाचे थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात, पण पनवेलच्या पट्ट्यात आले की तेच थर वाकतात आणि समुद्राच्या दिशेने उतरते होतात. कोकणात दक्षिणोत्तर पसरलेल्या या वाकाला भूवैज्ञानिक ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. जगात कुठेही खंडांच्या फाटलेल्या कडांचा अभ्यास चालला असेल, तर तिथे आपल्या पनवेलचा उल्लेख होण्याची शक्यता बरीच असते.

हा वाक म्हणजे एका ताटातुटीची खूण आहे. दख्खनचा लाव्हा ओतला गेला तो मुख्यतः सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या आसपास. त्यानंतर लवकरच आज सेशेल्स बेटांच्या रूपाने उरलेला भूभाग भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटला, आणि इकडची कड खाली कलंडली. भारताची ही शेवटची मोठी ताटातूट. त्याआधी, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर सुटले होते. त्याच्याही आधी, सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीपासून, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांची साथ सुटू लागली होती. हे सगळे मिळून जे महाखंड होते त्याचे नावही आपल्याच मुलखातले. गोंडांचा प्रदेश तो गोंडवन. मध्य भारतातल्या खडकांना भूवैज्ञानिकांनी हे नाव एकोणिसाव्या शतकात दिले, आणि पुढे ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी ते साऱ्या दक्षिणी महाखंडाला लावले.

मी पनवेलचा रहिवासी. निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवला. गोंडवनाचा नकाशा फळ्यावर काढला की भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकमेकांना चिकटलेले दिसत. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, ऑस्ट्रेलिया आपल्याला जोडलेला होता, तर प्लॅटिपस आपल्याकडे का नाही?” वर्गापुरते उत्तर देता आले, पण त्या प्रश्नाचा खरा पाठपुरावा मी निवृत्तीनंतर केला. उत्तर शोधताना ऑस्ट्रेलियाइतकेच पाटागोनिया, मादागास्कर, तेलंगण आणि आपले सिरोंचा यांच्याकडे वळावे लागते, हे तेव्हा ध्यानात आले. हा लेख त्या शोधाच्या इतिहासाचा आहे.

अंड्याची तार

अंडी घालणारे सस्तन आज जगात दोनच प्रकारचे उरले आहेत. एक प्लॅटिपस, आणि दुसरा काटेरी अंगाचा, मुंग्या खाणारा एकिडना. एकिडनाच्या चार जाती धरल्या तरी एकूण जाती भरतात पाचच. सगळ्यांचा निवास ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी. १७९९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉ यांनी प्लॅटिपसचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा बदकाची चोच आणि केसाळ अंग एकत्र पाहून, कुणी दोन प्राणी शिवून तर दिले नाहीत ना, अशी शंका त्यांनाही आली होती.

हा प्राणी अंडी घालतो की नाही, यावर युरोपात पुढची पंचाऐंशी वर्षे वाद चालला. स्थानिक आदिवासींना ही गोष्ट ठाऊक होती, पण त्यांचे म्हणणे पुरावा म्हणून कुणी धरले नाही. अखेर १८८४ मध्ये विल्यम कॉल्डवेल या तरुण स्कॉटिश शास्त्रज्ञाने, आदिवासींच्याच मदतीने, क्वीन्सलँडमध्ये अंडी मिळवली आणि कॅनडातल्या माँट्रियल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनाला तार केली. तारेत शब्द मोजून चार. ती तार २ सप्टेंबर रोजी वाचली गेली, आणि त्याच दिवशी अ‍ॅडलेडमध्ये विल्हेल्म हाके यांनी एकिडनाच्या अंड्याचे कवच सभेपुढे ठेवले. एकमेकांची कल्पना नसलेल्या दोघांनी एकाच दिवशी वाद मिटवला.

ज्याला आपण सस्तनांचे लक्षण समजतो ते दूध, आणि ज्याला पक्ष्या-सरड्यांचे लक्षण समजतो ते अंडे, ही दोन्ही एका देहात नांदू शकतात हे त्या दिवशी पक्के झाले. पुढे २००८ मध्ये प्लॅटिपसची जनुकसंहिता वाचली गेली तेव्हा याचा आणखी एक पुरावा मिळाला. अंड्यातला पिवळा बलक ज्या प्रथिनापासून बनतो त्याची तीन जनुके कोंबडीत असतात. माणसात ती मोडून निकामी झाली आहेत, आणि प्लॅटिपसमध्ये त्यातले एक अजून चालू आहे. उलट दुधातल्या केसिनची जनुके प्लॅटिपसमध्येही आहेत आणि आपल्यातही. म्हणजे दूध आधी आले आणि अंडे नंतर सुटले. आपले सगळ्यांचे पूर्वज कधीकाळी अंडी घालून पिलांना दूध पाजत होते. प्लॅटिपसने ती जुनी रीत सोडली नाही, एवढेच.

दात नसलेल्याचे दात

जीवाश्मांत अंडी घालणारा सस्तन ओळखायचा कसा? अंडे टिकत नाही, केस टिकत नाहीत, दूध तर नाहीच. टिकतात ते दात. आणि गंमत अशी की मोठ्या प्लॅटिपसला दात नसतात. पिलाला दाढा येतात, पण त्या लवकरच पडतात आणि त्यांच्या जागी शिंगासारख्या कठीण पट्ट्या येतात. त्या पिलाच्या दाढांची ठेवण मात्र इतर कुठल्याही सस्तनासारखी नसते. हीच या वंशाची किल्ली ठरली.

१९७५ मध्ये वुडबर्न आणि टेडफर्ड यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या काही जीवाश्म दातांचे वर्णन केले. ते दात पिलाच्या प्लॅटिपसच्या दाढांसारखे होते, पण चांगले मोठे आणि आयुष्यभर वापरायचे. त्यांनी नाव दिले ऑब्डुरोडॉन, म्हणजे ‘टिकणारा दात’. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, लाइटनिंग रिज या खाणगावातून एक जबड्याचा तुकडा पुढे आला. तो चक्क ओपल या रत्नाचा झाला होता. स्टेरोपोडॉन नावाचा हा प्राणी सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा. १९९९ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातून टायनोलोफॉसचे जबडे आले, ते तर साडेबारा कोटी वर्षांच्या आसपासचे. डायनासोरांच्या पायाखाली प्लॅटिपसचे पूर्वज वावरत होते, हे आता नक्की झाले.

पण सगळ्यात मोठा धक्का ऑस्ट्रेलियातून आला नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, पाटागोनियातल्या पुंता पेलिग्रो या समुद्रकिनाऱ्यावर गाळाचा एक काळसर थर आहे, सुमारे सहा कोटी वीस लाख वर्षांपूर्वीचा. तिथे प्लॅटिपसच्या ठेवणीची एक दाढ मिळाली. १९९२ मध्ये अर्जेंटिनाचे रोसेंदो पास्कुआल आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी तिला नाव दिले मोनोट्रेमाटुम सुदामेरिकानुम. ‘ऑस्ट्रेलियाचा प्राणी’ ही प्लॅटिपसची ओळख त्या एका दाढेने पुसली. २०२३ मध्ये त्याच अर्जेंटिनातून सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या पाटागोरिंकसची दाढ जाहीर झाली, म्हणजे डायनासोर असतानाच हा वंश तिथे पोचलेला होता. ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका तेव्हा सलग होते, त्यामुळे वाट मोकळी होती.

त्या नकाशावर भारत कुठे होता? भारत एकटा, समुद्रात, उत्तरेकडे निघालेला. पण त्याच्याही आधी, जेव्हा सगळे जोडलेले होते, तेव्हा? विद्यार्थिनीचा प्रश्न शास्त्राच्या भाषेत विचारायचा तर असा होतो: जहाज सुटले तेव्हा प्लॅटिपसचे पूर्वज जहाजावर होते का?

सिरोंच्याचा गाळ

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा. त्याच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इथल्या चुनखडीतले माशांचे सुरेख ठसे लंडनच्या भूवैज्ञानिकांपर्यंत पोचले. त्याच सुमारास नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी, आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह, विदर्भातले खडक आणि जीवाश्म नोंदवत होते. आजच्या हिस्लॉप कॉलेजला नाव आहे ते यांचेच. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. विदर्भातल्या लाव्हांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्याचे शंख, मासे आणि वनस्पती आहेत हे जगाला सांगणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

कोटा गावाचे नाव पुढे एका संपूर्ण खडकरचनेला मिळाले. प्राणहिता-गोदावरीच्या दोन्ही अंगांना, महाराष्ट्र आणि तेलंगणात, ही रचना पसरली आहे. तिचे वय ज्युरासिक कालखंडातले, ढोबळ मानाने सतरा-अठरा कोटी वर्षे. बारापासॉरस टागोराय हा प्रचंड डायनासोर याच रचनेतला. सिरोंचा तालुक्यातल्या वडधम येथे डायनासोरांची हाडे आणि दगड झालेले वृक्ष जपणारे जीवाश्म उद्यान आहे. पण आपल्या प्रश्नासाठी डायनासोरांचा उपयोग नाही. आपल्याला हवे आहेत एक-दोन मिलिमीटरचे दात.

ते १९८१ मध्ये आले. पी. एम. दत्ता यांनी कोटा रचनेतल्या एका दातावरून भारतातल्या पहिल्या ज्युरासिक सस्तनाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले कोटाथेरियम हाल्डेनी. गावाचे नाव आणि भारतात येऊन स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव असे एकत्र गुंफले गेले. पाठोपाठ भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पी. यादगिरी यांनी १९८४ मध्ये इंडोथेरियम प्राणहिताय जाहीर केला, आणि त्याच सुमारास त्रिशूलोथेरियम. ही नावे कुणी मोठ्याने वाचली तर एखाद्या पुराणातली वंशावळ वाचल्यासारखे वाटेल.

हे काम कसे चालते ते सांगण्याजोगे आहे. गाळाची माती पोत्यांनी आणायची, वाळवायची, पाण्यात भिजवून विरघळू द्यायची, मग बारीक जाळीच्या चाळणीतून धुवायची. चाळणीवर जे उरते ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली चिमूट-चिमूट पसरायचे आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला करायचा. क्विंटलभर माती गेली तरी दात एखादा. तांदूळ निवडणाऱ्या बायकांना हे काम चटकन समजेल, आपल्याला वेळ लागेल.

मादागास्करची साक्ष

१९९९ मध्ये मादागास्करमधून एका जबड्याचा तुकडा जाहीर झाला. दात तीन, वय सुमारे सोळा कोटी सत्तर लाख वर्षे. नाव आंबोंड्रो. या दाढांना कातरणे आणि कुटणे अशी दोन्ही कामे जमत होती. अशी दाढ उत्तर गोलार्धात जन्मली आणि मग दक्षिणेत आली, असे तोवर सर्वसाधारणपणे मानले जाई. आंबोंड्रो त्या समजुतीपेक्षा कितीतरी जुना निघाला, आणि तोही दक्षिणेत.

२००१ मध्ये लुओ, सिफेली आणि किएलान-यावोरोव्स्का यांनी एक धाडसी मांडणी केली. अशी दाढ दोनदा, वेगवेगळ्या ठिकाणी निर्माण झाली: एकदा उत्तरेत, जिथून आपण, गायी, वटवाघळे आलो, आणि एकदा दक्षिणेत, जिथून आंबोंड्रो, ऑस्ट्रेलियातले काही छोटे प्राणी आणि अखेर प्लॅटिपस आले. या दक्षिणी कुळाला त्यांनी ऑस्ट्रालोस्फेनिडा म्हटले. सगळ्यांनी हे मान्य केलेले नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही अभ्यासकांनी नेमकी उलट बाजू मांडली, की अशी दाढ असलेले सगळेच सस्तन मुळात दक्षिणेचे. वाद चालू आहे. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे, आणि आपल्या प्रश्नासाठी तीच मोलाची: आंबोंड्रो जगत होता तेव्हा मादागास्कर आणि भारत एकमेकांना चिकटलेले होते. त्या छोट्या प्राण्याला भारतात यायला समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

आता तारखा एका ओळीत मांडून पाहू. आंबोंड्रो सोळा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वी. भारताची अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून फारकत सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी सुरू. प्लॅटिपसच्या वंशाचा सर्वांत जुना निर्विवाद पुरावा, टायनोलोफॉस, साडेबारा कोटी वर्षांचा. म्हणजे जहाज धक्क्यावरून हलले आणि जेमतेम त्याच वेळेला हा वंश धक्क्यावर उभा दिसतो. चढला की राहिला, हे ठरवणारा काळ या तारखांच्या मधला.

आणि भारताची नोंदवही नेमकी तिथेच कोरी आहे. कोटाचे सस्तन सतरा-अठरा कोटी वर्षांचे. त्यानंतरचे भारतीय सस्तन मिळतात ते थेट दख्खनच्या लाव्हाच्या काळातले. मधली जवळजवळ दहा कोटी वर्षे सस्तनांच्या दृष्टीने रिकामी. ‘भारतात प्लॅटिपस नव्हता’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर ‘ती पाने अजून उघडलेली नाहीत’ एवढेच म्हणत असतो.

लाव्हाच्या मधली माणसाळलेली जागा

लाव्हात प्राणी टिकत नाही. पण लाव्हा सलग ओतला गेला नव्हता. एक लोंढा थंड झाला की त्यावर पाऊस पडे, माती बने, तळी साचत, झाडे उगवत, बेडूक ओरडत. मग पुन्हा लाव्हा. दोन लाव्हांमध्ये दबलेल्या या गाळाच्या थरांत त्या विसाव्यातले जीवन बंद झालेले असते. पनवेलजवळची ठळक उदाहरणे मुंबईतली. वरळीच्या अशा थरातल्या इवल्या बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले, आणि मुंबईतल्या कासवाचे हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये. म्हणजे आपल्या शेजारचा काळा पाषाण मुका नाही, हे पावणेदोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

सस्तनांची पाळी १९८८ मध्ये आली. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी आजच्या तेलंगणातल्या नस्कल गावाजवळच्या अशाच थरातून दात मिळवले आणि भारतातला पहिला क्रिटेशस सस्तन ‘नेचर’मध्ये जाहीर केला. नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. पुरात गेलेल्या नागपूरच्या पाद्रीसाहेबांना सव्वाशे वर्षांनी हे स्मारक मिळाले. २०२२ मध्ये नागपूरच्या बंदना सामंत आणि डी. एम. मोहबे यांचा सहभाग असलेल्या गटाने या थराचे वय डायनासोरांच्या अस्ताच्या जरासे आधीचे ठरवले.

डेक्कनोलेस्टेस आपल्या शाखेतला, अंडी न घालणाऱ्यांचा नातलग. पण नस्कलच्या त्याच मातीत आणखी एक दात होता, उंच माथ्याचा, सतत झिजवण्यासाठी घडलेला. तसलेच दात मध्य प्रदेशातल्या किसलपुरीलाही मिळाले. २००७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी या एकाच प्राण्याला दोन नावे दिली: एकाने भारतथेरियम, दुसऱ्याने दक्षिणा. शास्त्राच्या नियमानुसार आधी छापलेले नाव टिकते, म्हणून भारतथेरियम बोनापार्टी राहिले. यातला बोनापार्ट नेपोलियन नव्हे, तर अर्जेंटिनाचे जीवाश्मशास्त्रज्ञ होसे बोनापार्ट.

अर्जेंटिनाच का, हे महत्त्वाचे. भारतथेरियम ज्या कुळातला, त्या गोंडवानाथेर कुळाचा एक नामांकित सदस्य आहे सुदामेरिका. तो सापडला पुंता पेलिग्रोच्या त्याच काळ्या थरात, जिथे प्लॅटिपसची दाढ मिळाली. आणि दोन्ही प्राण्यांच्या वर्णनात पास्कुआल यांचा हात होता. सुदामेरिका प्रथम आळशी अस्वलासारख्या दिसणाऱ्या स्लॉथ आणि चिलखती आर्माडिलो यांचा पूर्वज मानला गेला होता. १९९७ मध्ये क्रॉस, प्रसाद, साहनी आणि सहकाऱ्यांनी मादागास्कर, भारत आणि अर्जेंटिना इथले दात एकत्र मांडले तेव्हा उलगडले, की हे कुळ साऱ्या दक्षिण खंडांवर पसरलेले होते.

म्हणजे प्लॅटिपसचा पाटागोनियातला शेजारी आपल्या दख्खनमध्ये नक्की राहत होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथे दगड झालेले डायनासोरांचे शेण सापडते. २००५ मध्ये लखनौच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यात गवताच्या पेशींतले सूक्ष्म कण दाखवले, आणि गवतासारखे खरबरीत अन्न चावायला योग्य असे हे उंच दात त्याच काळातले आहेत याकडे लक्ष वेधले. गवत, डायनासोर आणि भारतथेरियम यांचे एक चित्र आपल्या विदर्भातून उभे राहिले.

गोंडवानाथेर अंडी घालत असत का? २०२० मध्ये मादागास्करच्या आडालाथेरियमचा जवळपास पूर्ण सांगाडा जाहीर झाला. मांजराएवढा हा प्राणी. त्याच्या कटीच्या हाडांपुढे दोन जादा हाडे आहेत, तशीच प्लॅटिपसला आणि कांगारूलाही असतात. पोट फुगू देणारा लांब गर्भकाळ अशा हाडांबरोबर सहसा जमत नाही, असे अभ्यासक मानतात. यापुढे जाऊन भारतथेरियमला ‘देशी प्लॅटिपस’ म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. ते प्लॅटिपसच्या कुळातले नव्हेत. वेगळे घर, फार तर एकाच आळीतले.

मग अंडी घालणारे आपल्याकडे कोण?

याचे उत्तर पुन्हा सिरोंच्याकडे नेते. सस्तनांच्या वंशवृक्षात प्लॅटिपसची फांदी आणि आपली फांदी जिथे फुटतात, त्याच्याही खाली फुटलेल्या काही जुन्या फांद्या आहेत. इंडोथेरियमला बहुतेक अभ्यासक त्या जुन्या फांद्यांत घालतात. वरच्या फांदीवरचा प्लॅटिपस अजून अंडी घालतो, आणि फांद्यांच्या मुळाजवळचे सारे नातलगही अंडी घालत, तर मधल्या इंडोथेरियमनेही अंडीच घातली असणार. २०१८ मध्ये अमेरिकेत सस्तनांच्या एका जवळच्या, सस्तन नसलेल्या नातलगाचा जीवाश्म जाहीर झाला. आईजवळ अडतीस पिले. एका वेळी एवढी पिले सरड्यासारखी वीण दाखवतात. अंडे हीच जुनी रीत होती, याला त्याने दुजोरा दिला.

तेव्हा विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे होते. प्लॅटिपसचा भारतीय भाऊ सापडलेला नाही. पण अंडी घालून पिलांना दूध पाजणारे, बोटाएवढे सस्तन प्राणहितेच्या खोऱ्यात डायनासोरांच्या सोबत होते. ते प्लॅटिपसपेक्षा जुने, आणि त्याचे चुलत-आजे म्हणावेत असे.

एक इशारा इथेच दिला पाहिजे. मध्य प्रदेशातल्या तिकी इथल्या एका दातावरून २००५ मध्ये तिकीथेरियम हा बावीस कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा, अतिप्राचीन सस्तन जाहीर झाला. बरीच वर्षे तो पाठ्यपुस्तकांत मिरवला. २०२४ मध्ये दोन रशियन अभ्यासकांनी दाखवले की तो दात चिचुंद्रीचा आहे, फारच अलीकडचा, जुन्या गाळात मिसळलेला. एका दातावर वंशावळ उभी करायची तर ती एका दातानेच कोसळते. म्हणून एकाऐवजी शंभर दात हवेत, आणि त्यासाठी हजार पोती माती हवी.

माती कुठून येणार, हा प्रश्न मला पनवेलकर म्हणून सतावतो. आपल्या भागातल्या टेकड्या वेगाने कापल्या जात आहेत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, रस्ते आणि वसाहतींसाठी खाणी रात्रंदिवस चालू आहेत. दगड हवाच, त्याला विरोध करून उपयोग नाही. पण खाणीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबडा किंवा राखाडी-हिरवट पट्टा लागतो, तेव्हा त्याची खडी होत नाही, म्हणून तो भराव म्हणून टाकून दिला जातो. तांबड्या, भाजलेल्या मातीत हाडे टिकण्याची आशा कमी. पण राखाडी-हिरवा, तळ्यातला, पानांचे ठसे असलेला पट्टा लागला तर ते सहा कोटी वर्षांपूर्वीचे तळे असते. वरळीचे बेडूक अशाच तळ्यातले होते.

प्लॅटिपसचा प्रश्न पनवेलच्या लाव्हात सुटेल असे मी म्हणत नाही. तो काळ लाव्हाच्या फार आधीचा. भारतातली मधली दहा कोटी वर्षांची पाने उघडली तर ती कच्छच्या, राजस्थानच्या किंवा गोदावरीच्या जुन्या गाळात उघडतील. पण दख्खनच्या तळ्यांत गोंडवानाथेरांचे आणखी दात मिळाले, तर मादागास्कर सुटल्यानंतर एकट्या निघालेल्या भारतावर कोण कोण उरले होते, याची यादी पुरी होईल. त्या यादीत एखादी प्लॅटिपसच्या ठेवणीची दाढ निघाली, तर जहाजावर कोण चढले होते तेही कळेल.

त्यासाठी मोठ्या मोहिमेची गरज नाही. खाणीच्या मुकादमाला असा पट्टा ओळखता यावा, त्याने जवळच्या महाविद्यालयातल्या भूविज्ञान विभागाला फोन करावा, आणि भराव टाकण्यापूर्वी चार पोती माती बाजूला ठेवावी. पोत्यावर खाणीचे नाव, तारीख आणि थर जमिनीपासून किती फुटांवर होता हे लिहिलेले असावे. चाळणी, बादल्या आणि एक जुना सूक्ष्मदर्शक आपल्या बहुतेक महाविद्यालयांत आहेत. पावसाळ्यानंतर पाण्याचीही ददात नसते.